आवाज आला की ठोकळा टाकायचा

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला एक खोली होती आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली. आतली म्हणजे जेमतेम दोन कपाटांएवढी. भिंतींना राखाडी स्पंज, दार वीतभर जाड, आणि एका बाजूला काच. दार लावलं की बाहेरचं जग चिडीचूप. काचेच्या अलीकडे यंत्र, यंत्रासमोर खुर्ची, आणि त्या खुर्चीवर सव्वीस वर्षं बसलेली एक बाई. तिला सगळे ताई म्हणत. लहान मुलं तर ‘कानवाल्या ताई’च म्हणायची.

लोकांना किती ऐकू येतं हे मोजणं हे ताईचं काम. पण तिचे स्वतःचे कान हा दवाखान्यात थट्टेचा विषय होता. पाठमोरी बसून ती सांगायची, “मोठे डॉक्टर येतायत, आणि घरी भांडून आलेत.” दार उघडायचं आणि तस्संच असायचं. कानांचे डॉक्टर म्हणायचे, “ताई, निवृत्त व्हाल तेव्हा कान इथेच ठेवून जा. यंत्राचा खर्च वाचेल.” ती हसायची. हे कान कुठे तयार झाले ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते तयार झाले घरी, वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी.

तिचे वडील छापखान्यात यंत्र चालवायचे. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत कधी. प्यायले असते तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. काही दिवस ते घरी आले की दोन्ही पोरांना खांद्यावर घेऊन नाचायचे. काही दिवस जेवणाचं ताट भिंतीवर जायचं आणि मागोमाग आई. कुठला दिवस कसा निघेल ते कुणालाच माहीत नसे. म्हणून ताईने ऐकायला सुरुवात केली. स्कूटर फाटकाशी थांबली आणि एका झटक्यात स्टँडवर चढली, तर बरं. इंजिन बंद झाल्यावर बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणजे ते नुसतेच बसून राहिलेत, तर कठीण. बूट एकापाठोपाठ एक पडले तर ठीक, पहिल्या आणि दुसऱ्या बुटाच्या मध्ये वेळ गेला तर जपायचं.

आईच्या हे लवकरच लक्षात आलं. स्कूटरचा आवाज आला की ती भांडी घासता घासता नळ बंद करायची आणि लेकीकडे बघायची. “कसं आहे गं आज?”

पोर कान देऊन ऐकायची. “बरं आहे,” म्हणाली की नळ पुन्हा सुरू. “नाही,” म्हणाली की आई पुस्तकं गोळा करायची, रेडिओ बंद करायची, दादाला आतल्या खोलीत पिटाळायची.

दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं सगळं उलटंच. घरात आरडाओरडा सुरू झाला की तो भिंतीच्या एका कोपऱ्याकडे बघत बसायचा आणि तिथून निघूनच जायचा, म्हणजे अंगाने तिथेच, पण आत कुणी नाही. हळूहळू तो शाळेतही असाच बसायला लागला. समोर उभं राहून हाक मारली तरी ढिम्म हलायचा नाही. पोरांनी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. एकदा डॉक्टरकडे नेला, तर त्यांनी कानाशी घड्याळ धरलं आणि म्हणाले, “कानाला काही धाड भरलेली नाही. पोरगं आळशी आहे.” वडिलांना तेवढंच पुरलं. “ऐकायचंच नाही हरामखोराला,” हे त्यांचं पालुपद झालं.

ताई आठ वर्षांची असताना एका संध्याकाळी स्कूटर आली. तिने ऐकलं आणि म्हणाली, “बरं आहे.” तेवढ्या भरवशावर आईने दादा नापास झाल्याचं सांगून टाकलं. त्या दिवशी पट्टा निघाला. नंतर दादाच्या पाठीला मलम लावताना आई एवढंच म्हणाली, “तू तर म्हणालीस, बरं आहे.”

आवाज चढवून म्हणाली नाही, दोषही दिला नाही. पण ते वाक्य पोरीच्या मनात जे रुतलं, ते रुतलंच.

दादा सतराव्या वर्षी घर सोडून गेला आणि लाकूड कापायच्या गिरणीत लागला. वडील पुढे आजारी पडून गेले. ताईने बारावीनंतर कान तपासायचा अभ्यासक्रम घेतला. का घेतला असं कुणी विचारलं की म्हणायची, “तिथे जागा रिकामी होती.” खरं तर पहिल्याच दिवशी तिला अशी एक आवाजबंद खोली दाखवली, दार लावलं, आणि तिला वाटलं, इथून उठूच नये.

तिचा नवरा टपाल खात्यात होता. टीव्हीवरच्या सामन्याखेरीज त्याचा आवाज कधी चढला नाही. गाणं गुणगुणत जिना चढायचा. आई आता ऐंशीची, ताईकडेच राहायची. तीस वर्षं झाली, तरी जावयाच्या पायांचा आवाज आला की ती टीव्हीचा आवाज कमी करायची आणि ताईकडे बघायची. तोंडाने विचारायची नाही आता, नुसती नजर. ताई मान हलवायची, बरं आहे. दोघींनाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

वाटायचं ते लेकीला. लेक एकोणीस वर्षांची, तोंडाची फटकळ. एकदा कॉलेजातून आली, तर ताईने दार उघडता उघडताच विचारलं, “काय बिनसलं?”

“काही बिनसलेलं नाही.”

“पायऱ्या मोजून मोजून चढलीस.”

लेकीने बॅग खाली आपटली. “आई, मी घरात पाऊल टाकायच्या आत तू माझं सगळं ठरवून मोकळी होतेस. कधी तरी मला विचार ना. चुकून तरी.”

ताईला ते झोंबलं. आपण पोरीवर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही, आणखी काय करायचं माणसाने, असं तिला वाटलं. ते तिने तिथेच सोडून दिलं.

आणि मग एका गुरुवारी ती मुलगी आली.

सात वर्षांची. दोन वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली. बरोबर आई आणि आईच्या हातात शाळेतल्या बाईंची चिठ्ठी: हाक मारली तरी लक्ष जात नाही, ऐकू कमी येत असावं, तपासून घ्यावं. ताईने मुलीला आतल्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, पुढ्यात रंगीत ठोकळे आणि एक छोटी बादली ठेवली. “खेळ सोपा आहे. कानात आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा. बारीक आला तरी टाकायचा. नाही आला तर नाही टाकायचा.”

मुलीने मान डोलावली. ताई काचेच्या अलीकडे येऊन बसली आणि एकेक आवाज सोडू लागली. पहिला, दुसरा, पाचवा. मुलगी ठोकळा हातात धरून काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होती. आवाज मोठा, आणखी मोठा केला तेव्हा दोन ठोकळे पडले, बस. कागदावरचा आलेख बघितला असता तर कुणीही म्हटलं असतं, ही पोर जवळजवळ बहिरी आहे.

ताईने दार उघडलं, हेडफोन काढले, मुलीच्या मागे जाऊन वस्तू आवरल्यासारखं केलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “नाडी सुटलीय बुटाची.”

मुलीने खाली वाकून बुटाकडे पाहिलं.

मग ताईने दुसरं यंत्र काढलं. त्यात मुलाने काहीच करायचं नसतं. कानात बारीक बोंड बसवायचं, यंत्र आवाज सोडतं आणि आतून येणारा प्रतिसाद आपणच पकडतं. दोन्ही कान ठणठणीत. ताई यंत्राच्या पडद्यावरच्या हिरव्या रेघा बघत राहिली. तिला काचेचा तो कोपरा आठवत होता. असा कोपरा बघणारं माणूस तिने एकच पाहिलं होतं.

तेवढ्यात मुलीचे वडील गाडी लावून वर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं आदबशीर. “काय निघालं मॅडम?”

“कान चांगले आहेत. कानांत काही दोष नाही, पण—”

“म्हणजे ऐकू येतं.”

“हो, पण—”

“बस. एवढंच हवं होतं.” त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. मुलीच्या आईने मुलीचं मनगट धरलं आणि फरशीकडे बघायला लागली.

ताईने आजवर शेकडो आईबापांना तोंडावर सुनावलं होतं. पोराचं कानाचं यंत्र कपाटात टाकून ठेवणाऱ्यांना, पोराला मठ्ठ म्हणणाऱ्यांना, भल्याभल्यांना. पण त्या खाली गेलेल्या आवाजापुढे तिच्या तोंडून तिसरा ‘पण’ निघाला नाही. बावन्न वर्षांची बाई, आणि क्षणात पुन्हा सहा वर्षांची पोर. “पुढच्या गुरुवारी पुन्हा आणा,” एवढंच ती कसंबसं म्हणाली. डॉक्टरांच्या कानावर घालायचं तिने ठरवलं, पण त्या दिवशी ते रजेवर होते. दुसऱ्या दिवशी गर्दी होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःला समजावलं की आपल्याला उगाच वाटत असेल.

पुढच्या गुरुवारी मुलगी आली ती ताठ बसली. हेडफोन चढवले. ताई खुर्चीवर टेकते न टेकते तोच पहिला ठोकळा बादलीत पडला. अजून एकही आवाज सोडला नव्हता.

ताईने वाट पाहिली. दुसरा ठोकळा पडला. तिसरा. मुलगी आता कोपऱ्याकडे बघत नव्हती, तिचे डोळे ताईच्या हातावर होते. ताईने हात यंत्राआड नेला, तर डोळे खांद्यावर आले. खांदा स्थिर ठेवला, तर चेहऱ्यावर. ताईने पापणी हलवली तरी ठोकळा पडत होता.

ताईने यंत्र बंद केलं, आत गेली आणि मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसली. मुलीचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “मशीन बंद केलंय. आता आवाज येणार नाही. दमली असशील, बस निवांत.”

मुलीने मान हलवली. थोडा वेळ गेला. मग तिने हळूच एक ठोकळा उचलला आणि बादलीत टाकला.

“आवाज आला?”

“हो.”

“कसला?”

मुलीने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. “कसला यायला पाहिजे?”

गेल्या आठवड्यात ही पोर दादा होती. आता ती ताई झाली होती. जे शिकायला ताईला स्वतःला कित्येक वर्षं लागली होती, ते या पोरीला सात दिवसांत शिकावं लागलं होतं. आणि ते सात दिवस तिच्या वाट्याला आणणारं अर्धं वाक्य ताईचंच होतं.

तिने मुलीला बाहेर चित्रांच्या पुस्तकाशी बसवलं आणि आईला आत बोलावून दार लावलं. “घरी काय झालं?”

“काही नाही.” बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “हे पाठीमागून हाक मारतात. नाही ऐकलं की पुन्हा. पन्नास वेळा, शंभर वेळा. म्हणतात, नाटक करते, सवय मोडायला हवी.”

“मारतात?”

“हिला नाही.”

यापुढे विचारायला काही उरलं नव्हतं. ताई उठली ती थेट डॉक्टरांच्या खोलीत, बाहेरची रांग डावलून. सगळं सांगितलं, आपण गेल्या आठवड्यात काय गिळलं तेही. डॉक्टर गंभीर झाले. खालच्या मजल्यावर मुलांशी बोलून मनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना फोन लावला. दर गुरुवारी, आठ आठवडे, आधी खाली आणि मग वर, असं ठरलं.

“वडिलांना काय सांगायचं? कानांचा व्यायाम म्हणू या?” डॉक्टरांनी विचारलं.

“खोटं नको. मुलगी यंत्रावर नीट ऐकेपर्यंत तपासणी पुरी होत नाही, हे खरंच आहे. तेवढंच लिहा आणि शिक्का मारा.”

शिक्का बघून वडिलांनी हरकत घेतली नाही.

रविवारी सकाळी ताईने दादाला फोन लावला. भावंडं एरवी तब्येत आणि हवापाणी यापलीकडे बोलत नसत.

“दादा, लहानपणी तुला खरंच ऐकू येत नव्हतं?”

“हे आज कुठून काढलंस?”

“सांग ना.”

“यायचं गं. पण पाण्याखाली असल्यासारखं. आधी आधी मी मुद्दाम करायचो. मग ते आपोआप व्हायला लागलं, थांबवता येईना. शाळेत बाई बोलायला लागल्या की माझं दुकान बंद. त्या चिडल्या की कुलूपही लागायचं.” तो हसला, तीही हसली. मग म्हणाला, “मला तुझा राग यायचा तेव्हा.”

“माझा? का?”

“तुला सगळं आधी कळायचं. तू काहीतरी म्हणायचीस आणि आई मला आत ढकलायची. मला वाटायचं, तू त्यांना सामील आहेस.”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचं ते तिने एकदाचं बोलून टाकलं. “दादा, तो तुझ्या निकालाचा दिवस. मी बरं आहे म्हणाले म्हणून आईने सांगितलं.”

“कुठला दिवस?”

“पट्टा काढला होता तो.”

“अगं, पट्टा काय एकदाच निघाला?” त्याला खरंच आठवत नव्हतं. “आणि तू केवढी होतीस? आठ? आठ वर्षांच्या पोरीच्या सांगण्यावर घर चालत होतं आपलं, हे बरोबर होतं का?”

फोन ठेवल्यावर ती आईच्या खोलीत गेली. आई उन्हात पाय पसरून बसली होती. “आई, तू मला विचारायचीस, आज कसं आहे म्हणून. मी लहान होते गं फार.”

आई पायांवरून हात फिरवत राहिली. “दुसरं कुणाला विचारणार होते?” ती म्हणाली. आणि खूप वेळाने, “मला माझ्या कानांचा भरवसा उरला नव्हता.”

ताई आईजवळ बसून राहिली.

गुरुवार येत राहिले. खाली डॉक्टरीणबाई मुलीशी खेळायच्या, बोलायच्या. वर ताई तपासणी करायची नाहीच. ठोकळ्यांची घरं बांधायची आणि मध्येच आधी सांगून एखादा आवाज सोडायची. “आता येईल हं, मोठा आहे.” मुलीची आई बाहेर बाकावर बसायची. चौथ्या गुरुवारी तिने विचारलं, “तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणाला काही सांगितलं नव्हतं.”

ताईने स्कूटरपासून पट्ट्यापर्यंत सगळं सांगितलं. परक्या बाईला, दवाखान्याच्या बाकावर बसून. ऐकून झाल्यावर त्या बाईने एकच विचारलं, “मग तुमच्या आईने काय केलं?”

“काही नाही. मला विचारत राहिली.”

बाई उठली, मुलीला घेतलं आणि काही न बोलता गेली. आपण फार बोललो का, या काळजीत ताईचा आठवडा गेला. पाचव्या गुरुवारी बाई आली तेव्हा बरोबर तिची थोरली बहीण होती, दांडगी, मोठ्या आवाजाची, कपडे धुण्याच्या दुकानाची मालकीण. दोन दिवसांपूर्वीच मायलेकी तिच्याकडे राहायला गेल्या होत्या.

त्याच दुपारी मुलीचे वडील आले. शर्ट इस्त्रीचाच होता. टेबलावर दोन्ही हात टेकवून, तोच खालचा आवाज काढून म्हणाले, “कुठे आहेत त्या?”

ताई उभी राहिली नाही, पण बोलली. “मी सांगणार नाही. पण त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, ते पुरं सांगते. तुमच्या मुलीचे कान चांगले आहेत. तिने ऐकणं बंद केलं, कारण घरात जे ऐकू येतं ते तिला सोसत नाही. नाटक नाही ते. तुम्ही हाका मारून ते मोडलं नाहीत, तिला जास्त घाबरवलंत. तुम्हाला खाली डॉक्टरीणबाईंशी बोलायचं असेल तर वेळ लिहून देते.”

त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. ओरडणार असं वाटलं. मग तो वळला आणि जिना उतरून गेला. ताई आवाजबंद खोलीत जाऊन, दार लावून दहा मिनिटं बसली. बाहेर आली तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “बाई, स्वतःचेच कान तपासत होतात का?”

वेळेची चिठ्ठी न्यायला तो चार महिन्यांनी आला. तो खाली काय बोलला, किती दिवस टिकला, ते ताईला माहीत नाही. मुलीला तो रविवारी मावशीच्या दुकानात, मावशीसमोर भेटतो, एवढं तिला कळलं होतं.

मुलगी एका दिवसात सुधारली असं झालं नाही. आठाचे वीस गुरुवार झाले. शाळेतल्या बाई रागावल्या की अजूनही ती कोपऱ्याकडे बघायला लागते. पण बाईंना आता माहीत आहे. त्या जवळ येऊन बाकावर बोट वाजवतात आणि थांबतात. मुलगी परत येते.

घरी ताईही एक गोष्ट शिकत होती, तीही अडखळत. लेक आली की ती ओठ मिटून घ्यायची, पाणी पुढे करायची आणि मग विचारायची, “कसा गेला दिवस?” लेक कधी सांगायची, कधी नाही. नाही सांगितलं की ताईला चैन पडत नसे. पण ती गप्प बसायची.

विसाव्या गुरुवारी मुलगी आवाजबंद खोलीच्या दारातच उभी राहिली. “मला आज नाही तो खेळ खेळायचा. कंटाळा आलाय. आणि ते हेडफोन केस ओढतात.”

तिची आई ओशाळली. “अगं, असं बोलतात का ताईंना?”

“बोलू दे,” ताई म्हणाली. “केस ओढतात हे खरंच आहे. कधी येशील मग?”

मुलीने विचार केला. “सोमवारी. सोमवारी आम्हाला गणित असतं.”

ताईने वहीत सोमवार लिहिला. सोमवारी मुलगी आली, एका वेणीची, बडबडत. आवाज आले तेव्हा ठोकळे पडले, आले नाहीत तेव्हा ती पाय हलवत बसली. आलेख दोन्ही बाजूंनी नीट उतरला. ताईने तो दोनदा तपासला, सही केली आणि खाली डॉक्टरीणबाईंकडे स्वतः घेऊन गेली.